आजोबांचा फूटव्हॉल्व्ह आणि स्थळाच्या तीन कंपन्या

दप्तरातून : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त कंपनी सेक्रेटरीची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत निम्मी सातबाऱ्याची आहेत. ती बाजूला ठेवली, कारण जमिनीच्या कागदांत मी कच्ची आहे आणि कच्चं ज्ञान कोर्टात महाग पडतं. माझी हयात गेली कंपन्यांच्या कागदांत. वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून शिरले, नोकरी करता करता परीक्षा दिल्या आणि तिथूनच कंपनी सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले. कोण कुणाचा भागीदार, कंपनी कुणाची, शोध कुणाचा, हे विषय निघाले की दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर चहा थंड होईपर्यंत मी बोलत बसते. आज तसलीच चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा १९५४ ते १९६८ या काळात रावपुऱ्यात दोन भागीदारांबरोबर पंपांच्या सुट्या भागांची पेढी चालवत. रेतीच्या पाण्यातही न अडकणारा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या शोषण नळीच्या तळाची झडप, त्यांनी शोधून काढला, पण पेटंट एका भागीदारानं स्वतःच्या नावावर करून घेतलं, असं लहानपणापासून घरात ऐकत आलो. आमच्याकडे पेढीचं एक लेटरहेड आहे आणि एक पितळी पट्टी, तिच्यावर पेढीचं नाव आणि 'रजि. नं.' लिहून पाच आकडे. कुलवृत्तांतात आजोबांचं पान मला लिहायचं आहे. खरं काय ते कागदावरून कळेल का?
*एक वाचक, कारेलीबाग*

उत्तर : पहिली गोष्ट, त्या पट्टीला चिंच-मीठ लावू नका. लखलखीत होईल, पण आकडा पुसट होईल आणि तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा पुरावा तोच आहे.

आता भिंग घ्या आणि 'रजि.'च्या आगेमागे आणखी काही कोरलंय का बघा. घरच्या गोष्टीत पेटंट आहे म्हणून पट्टीवरचा आकडा पेटंटचाच, असं तुम्ही धरून चाललात. मला शंका आहे. ज्याच्याकडे पेटंट असे तो पट्टीवर 'पेटंट' हाच शब्द ठळक कोरून घेई, माल त्या शब्दावर खपायचा. नुसतं 'रजि.' असेल तर ती ट्रेडमार्कची नोंदणी असू शकते किंवा डिझाइनची. सरकारच्या या तीन वेगळ्या वह्या आहेत, तिन्हींचे क्रमांक वेगळे चालतात. ट्रेडमार्क म्हणजे मालाचं नाव किंवा चिन्ह. डिझाइन म्हणजे वस्तूचं दिसणं, आकार, नक्षी. पेटंट म्हणजे ती वस्तू काम कशी करते त्यातलं नवेपण. आजोबांचा व्हॉल्व्ह रेतीत अडकत नव्हता ही झाली कामाची गोष्ट. पट्टीवरचा आकडा डिझाइनचा निघाला तर त्या नोंदणीनं व्हॉल्व्हच्या आकाराला संरक्षण दिलं होतं, आजोबांच्या युक्तीला नाही.

ट्रेडमार्कपासून सुरुवात करा, कारण ते सगळ्यात सोपं आहे. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून फुकट शोधता येतं. नोंदणीचं नूतनीकरण करत राहिलं तर ट्रेडमार्क कितीही वर्षं जिवंत राहतो. म्हणजे पेढी १९६८ साली बंद पडली तरी तिचं चिन्ह पुढे कुणी तरी चालवलं असण्याची शक्यता आहे, आणि ते चालवणारा कोण हे कळणं म्हणजे अर्धं उत्तर मिळणं. त्या नोंदीत 'वापर केव्हापासून' असा रकाना असतो. तो वाचायला विसरू नका. मालक आज कुणीही असो, आपलं चिन्ह जुनं आहे हे दाखवायला तो मूळ पेढीचं साल मोठ्या अभिमानानं भरतो.

पेटंटचं म्हणाल तर तुमच्या काळाला लागू होता तो १९११चा पेटंट आणि डिझाइन कायदा. आजचा १९७०चा कायदा अमलात आला २० एप्रिल १९७२ रोजी. जुन्या कायद्यात पेटंटची मुदत १६ वर्षांची होती, तेव्हा १९५०च्या दशकातलं पेटंट असलं तरी केव्हाच सरलं. पैसे कुणाकडून निघणार नाहीत, हे आत्ताच मनाशी ठरवून टाका. शोध फक्त श्रेयाचा आहे असं धरून चाललात तर वाटेत चिडचिड कमी होते.

पेटंटचं मुख्य कार्यालय कलकत्त्याला. पेटंट कार्यालयाच्या सूचना भारताच्या राजपत्रात, भाग ३, विभाग २ मध्ये छापून येत. त्यात अर्जदाराचं नाव, विषय आणि क्रमांक मिळतो. ऑनलाइन शोधात जुनी पेटंट सगळी सापडत नाहीत. तिथे काही दिसलं नाही म्हणून पेटंट नव्हतंच असा निष्कर्ष काढू नका. राजपत्राचे जुने खंड पालथे घालायला बसावं लागेल, आणि बसताना विषयाचं इंग्रजी नाव वेगवेगळ्या तऱ्हांनी मनात घोळवून जा. फूटव्हॉल्व्ह हा शब्द मथळ्यात असेलच असं नाही. 'पंपांच्या शोषण नळ्यांसंबंधी सुधारणा' अशा थाटाचं शीर्षकही असू शकतं, पेटंटच्या भाषेला साधं बोलणं वर्ज्य आहे.

कागद सापडला की सगळ्यात वरचं नाव बघून लगेच डोक्यात राख घालून घेऊ नका. अर्जदार म्हणजे हक्काचा मालक. शोधक कोण ते वेगळं. 'खरा आणि पहिला शोधक' कोण याचं प्रतिज्ञापन अर्जात करावं लागतं, तिथे आजोबांचं नाव असण्याची शक्यता आहे. तुमच्या घरात जी गोष्ट 'त्यानं नावावर करून घेतलं' अशी पोचली, ती कागदावर 'मालक पेढी, शोधक आजोबा' अशीही निघू शकेल.

एक उदाहरण देते. जगदीशचंद्र बोसांना पेटंटची नावड होती हे सगळ्यांना माहीत आहे. तरी २९ मार्च १९०४ रोजी अमेरिकेत त्यांना ७,५५,८४० क्रमांकाचं पेटंट मिळालं, विद्युत्लहरी टिपणाऱ्या यंत्राचं. ते कसं मिळालं याच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. पेटंटच्या मथळ्यात मात्र एका ओळीत लिहिलंय की बोसांनी अर्धा हक्क केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या सारा चॅपमन बुल यांच्या नावे केला आहे. या विवेकानंदांच्या शिष्या. शोध कलकत्त्याचा, अर्धी मालकी अमेरिकेतल्या एका बाईची, आणि दोघांमधलं नातं पैशाचं की श्रद्धेचं, ते पुढे इतर कागद शोधून ठरवायचं. पेटंटवरून हक्क कुणाकडे गेला हे कळतं. का गेला ते त्यात लिहिलेलं नसतं.

आता पेढीकडे वळू. भागीदारी पेढ्यांची नोंद १९३२च्या भागीदारी कायद्याखाली रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या पेढीला दुसऱ्यावर पैशासाठी दावा लावता येत नाही, म्हणून धंदा करणारे बहुतेक जण करून घेत. ही वही कुणालाही फी भरून बघता येते (कलम ६६), तिचा उताराही मिळतो. त्यात प्रत्येक भागीदाराचं पूर्ण नाव, कायमचा पत्ता आणि तो पेढीत केव्हा आला ती तारीख असते. कोण निघालं, कोण आलं, पेढी केव्हा मोडली, यांच्या नोंदी पुढे चढतात. एखाद्या भागीदाराचा अज्ञान मुलगा लाभापुरता पेढीत घेतला असेल आणि सज्ञान झाल्यावर भागीदार झाला असेल तर तेही दिसतं. तुमच्या वडिलांचं नाव तिथे निघालं तर मला नवल वाटणार नाही. मग त्यांनी ही गोष्ट घरात कधी काढली का नाही, असा पुढचा प्रश्न उभा राहील. तो माझ्या सदराच्या बाहेरचा.

तुमची पेढी १९५४ची. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६० रोजी गुजरात वेगळं झालं. मधल्या अकरा वर्षांतला वडोदऱ्याचा कुठलाही व्यापारी कागद शोधताना मुंबईचंही दार ठोठवावं लागतं, हे गृहीत धरा. गुजरातच्या कचेरीत 'बेन, आमच्याकडे नाही' असं सांगितलं तर तो माणूस तुम्हाला टोलवतोय असं नाही, कदाचित खरंच नसेल.

आणि एक जागा लोक विसरतात. नोंदणी झालेली पेढी मोडली तर तिची जाहीर सूचना राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. तेव्हा १९६८च्या आगेमागचे गुजराती दैनिकांचे अंक चाळा. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून उभारलेलं ते ग्रंथालय, कामासाठी तिथे जायचं निमित्त मिळतंय हाच फायदा समजा. जाहीर सूचनेत 'यापुढे अमुक भागीदार पेढीच्या येण्या-देण्यास जबाबदार नाही' असं एक वाक्य हमखास असतं. पेढी फुटताना कोण बाहेर पडलं आणि कोण राहिलं, ते त्यावरून समजतं.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. १९८४ साली आमच्या साहेबांनी एका पुरवठादाराची माहिती काढायला मला अहमदाबादला धाडलं. तेव्हा संगणक नव्हता. रजिस्ट्रारच्या कचेरीत फाइल मागवायची, बाकावर बसायचं, पेन्सिलीनं उतरवून घ्यायचं. मी उतरवलं. पुरवठादार कंपनीचा एक संचालक आमच्या प्रतिस्पर्ध्याच्या कंपनीतही संचालक होता. नाव तंतोतंत तेच, आडनाव पटेल, पुढची दोन्ही अक्षरं तीच. संध्याकाळच्या गाडीत मी स्वतःवर इतकी खूश होते की आणंदला उतरून भजी खाल्ली. साहेबांनी ऑर्डर थांबवली. महिन्याभरानं कळलं की ती दोन माणसं होती, वडिलांची नावं वेगळी. फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना होता आणि तो मी उतरवलाच नव्हता, भजी मात्र खाऊन आले. त्या पुरवठादाराकडे जाऊन मी माफी मागितली. तो म्हणाला, 'बेन, आमच्या गावात माझ्या नावाचे चौघे आहेत.'

म्हणून पेटंटवरचं नाव आणि पेढीच्या वहीतलं नाव जुळलं तर तेवढ्यावर थांबू नका, तिसरी खूण शोधा. पेटंटवर पत्ता असतो. तो रावपुऱ्याचा आणि लेटरहेडवरचाच असेल तर गाठ पक्की. वडिलांचं नाव, सही, नेमणुकीची तारीख, काहीही चालेल, पण नावाखेरीज काही तरी हवं.

आणि समजा सगळं सापडलं, पेटंट खरंच भागीदाराच्या एकट्याच्या नावावर निघालं. तरी कुलवृत्तांतात 'लुबाडलं' हा शब्द लिहिण्याआधी भागीदारी कायद्याचं कलम १४ वाचा. पेढीच्या पैशातून आणि पेढीच्या कामातून जे निर्माण होतं ते पेढीची मालमत्ता, हा नियम. पेढीचे पैसे कुणी घातले, लेथ कुणाचा होता, नमुने कुणी ओतून घेतले, हे प्रश्न विचारल्याशिवाय एका माणसाला चोर ठरवता येणार नाही. त्याचेही नातू असतील, तेही कदाचित कारेलीबागेतच राहत असतील.

प्रश्न : मुलीसाठी एक स्थळ आलंय. मुलगा 'तीन कंपन्यांत डायरेक्टर' आहे म्हणतात. घरचे लोक सालस वाटतात. विचारायला संकोच वाटतो. हे कुठे बघता येतं का?
*एक आई, सुलतानपुरा*

उत्तर : बघता येतं, आणि संकोच वाटायचं कारण नाही. ही वही सरकारनं लोकांनी बघावी म्हणूनच ठेवली आहे. हल्लीच्या मुली तर हॉटेलात पहिल्या कॉफीच्या आधीच बघून येतात.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की तिची मूळ नोंद फुकट दिसते. कंपनी केव्हा नोंदली, भांडवल किती, चालू आहे की वहीतून काढून टाकलेली, संचालक कोण. प्रत्येक संचालकाला आठ आकड्यांचा डिन, म्हणजे ओळख क्रमांक, मिळतो आणि तो जन्मभर एकच राहतो. एका नावाचे चौघे असले तरी प्रत्येकाचा डिन वेगळा. माझ्या १९८४च्या भज्यांवर हा २००६ साली निघालेला उतारा.

कंपनीच्या नोंदणी क्रमांकाला सीआयएन म्हणतात, त्यात २१ अक्षरं-आकडे. त्यातून पुष्कळ वाचता येतं. पहिलं अक्षर सांगतं की शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही. मधली दोन अक्षरं राज्याची, गुजरातची जीजे. पुण्याच्या रजिस्ट्रारकडच्या कंपन्यांना मात्र पीएन, म्हणून किर्लोस्कर ब्रदर्सच्या क्रमांकात पीएन आणि १९२० दिसतं. राज्याच्या पुढचे चार आकडे स्थापनेचं साल. आपल्या अलेंबिकच्या क्रमांकात तिथे १९०७ आहे. कलाभवनवाले प्राध्यापक गज्जर, भाईलालभाई अमीन आणि आपले कोटिभास्कर यांनी त्या साली काढलेली ती कंपनी. तुमच्या स्थळाच्या कंपन्यांत २०२३ दिसलं आणि मुलाकडचे 'वडिलोपार्जित धंदा' म्हणत असतील तर हसू आवरून एवढंच विचारा की पूर्वी धंदा कुठल्या नावानं चालायचा. उत्तर सरळही असू शकतं. पुष्कळांनी जुनी पेढी बंद करून कंपनी काढलेली असते.

आता डायरेक्टर या शब्दाचं वजन. संचालक म्हणजे मालक नव्हे. खासगी कंपनी काढायला दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, तेव्हा कित्येक घरांत नवरा-बायको किंवा बाप-लेक संचालक असतात आणि त्यातल्या एकाला कंपनी कशाची आहे हेही धड सांगता येत नाही. मालकी कुणाकडे किती ते वार्षिक विवरणातल्या भागधारकांच्या यादीत मिळतं. एका कंपनीची दाखल केलेली कागदपत्रं बघायला १०० रुपये पडतात. तीन कंपन्यांचे ३००. लग्नाच्या वाजंत्रीवाल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

कर्जांची नोंद, म्हणजे बोजा, तीही तिथेच दिसते. ती बघून घाबरू नका. चालत्या कारखान्यावर बँकेचा बोजा असतोच, उलट बँकेनं एकदा तपासून पैसे दिले असा त्याचा अर्थ. मला खटकेल ते वेगळं : तीन-चार वर्षांचे हिशेब दाखल न झालेले. सलग तीन वर्षं हिशेब किंवा वार्षिक विवरण न भरणाऱ्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ साली मंत्रालयानं अशा ३ लाखांहून अधिक संचालकांच्या याद्याच लावल्या होत्या. त्यात लुच्चे होते तसे निष्काळजीही होते. जावई निष्काळजी असलेला परवडतो का, ते तुम्ही आणि तुमच्या मुलीनं ठरवायचं.

तीन 'कंपन्यां'तली एखादी कंपनी नसून एका माणसाची पेढीही असेल, ती रजिस्ट्रारकडे सापडणार नाही. मग तिचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका, तो दुकानाच्या पाटीवर लावायचाच असतो. कायदेशीर नावाच्या रकान्यात पाटीवरचं झगमगीत नाव न दिसता माणसाचं खरं नाव दिसेल. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची, गुजरातची २४, आणि पुढची दहा म्हणजे पॅन. दोन राज्यांतल्या दोन दुकानांचा पॅन एकच निघाला तर मालक एकच.

मुलाचा पगार आणि बँकेतली शिल्लक यांतलं काही या वह्यांत नाही. ते हवं असेल तर विचारा. सालस माणसं उत्तर देतात.

प्रश्न : माझ्या एका सीनियरनं प्रोफाइलवर 'पाच पेटंट्स' लिहिलंय. आमच्या विभागातल्या एका सरांचीही परदेशात जुनी पेटंट आहेत म्हणतात, पण शोधली तर काहीच निघत नाही. कसं बघू?
*एक विद्यार्थिनी, तंत्रज्ञान विद्याशाखा, सयाजीराव विद्यापीठ*

उत्तर : सीनियरचं आधी. पेटंटसाठी अर्ज करणं, अर्ज प्रसिद्ध होणं आणि पेटंट मिळणं या तीन पायऱ्या आहेत, पण प्रोफाइलवर पहिल्या दोन पायऱ्यांवरही लोक लग्न लावून मोकळे होतात. अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. लवकर करा म्हणून जादा फी भरली तर त्याआधीही. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं, त्यात नाव छापून आलं म्हणजे 'पेटंट' नव्हे. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, ती मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. कित्येक अर्ज तिथेच संपतात.

भारतीय पेटंट कार्यालयाच्या शोधपानावर अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघ. नव्या पद्धतीच्या बारा आकडी क्रमांकात पहिले चार आकडे साल सांगतात, पाचवा कार्यालय : १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. आपण गुजरातवाले मुंबईत येतो, म्हणून आपल्याकडच्या अर्जात बहुधा २ असतो. पाचांपैकी एखादी डिझाइनची नोंदणी निघेल, तीही पेटंटात मोजायची नवी चाल पडली आहे. मिळालेलं पेटंटही दरवर्षीची फी भरली नाही तर निवतं, तेही नोंदीत दिसतं. आणि ते कुणी खरंच वापरतंय का हे बघायचं असेल तर पेटंटधारकाला भरावा लागणारा फॉर्म २७ उघड. अनेकांच्या त्या फॉर्मात 'अद्याप उत्पादन नाही' एवढाच मजकूर सापडेल. मला त्यात कमीपणा वाटत नाही, शोध लावणारा कारखाना काढायला बांधलेला नसतो. प्रोफाइलवर गप्प राहणं तेवढं खटकतं.

सरांची पेटंट सापडत नाहीत याचं कारण बहुतेक स्पेलिंग. मराठी नावं इंग्रजीत कशीही लिहिली जातात. टाइपाच्या यंत्रांवर काम करणारे शंकर आबाजी भिसे यांची इंग्लंड-अमेरिकेतली पेटंट आपल्या सवयीच्या स्पेलिंगनं शोधलीस तर निराशा होईल, ते आडनावाच्या शेवटी ई-वाय लावत. तेव्हा सरांचं आडनाव सगळ्या तऱ्हांनी टाक, मधलं नाव घालून आणि गाळून टाक, नाव-आडनाव उलटंही टाक. एस्पासनेट आणि गूगल पेटंट्स दोन्हीकडे बघ, फुकट आहेत. तरी सापडलं नाही तर नावाचा नाद सोड आणि सर तेव्हा जिथे नोकरीला होते त्या कंपनीच्या नावानं शोध. नोकरीत लावलेल्या शोधाचा हक्क सहसा मालकाकडे जातो, सर शोधकांच्या यादीत तिसरे-चौथे सापडतील. त्यांच्या शेजारची नावं उतरवून घे. कोण कुणाबरोबर कुठल्या साली काम करत होतं, हे कुठल्याही सत्कारसमारंभाच्या मानपत्रापेक्षा त्या यादीतून नीट कळतं.

एक विनंती. सीनियरबद्दल जे निघेल ते कँटीनमध्ये वाचून दाखवू नकोस. आधी त्यालाच विचार. अर्जच प्रसिद्ध झालाय हे त्याच्या गाइडनंच त्याला समजावून सांगितलं नसेल, असंही होतं.

प्रश्न : काकांच्या ट्रंकेत दोन शेअर सर्टिफिकिटं निघाली. एक १९६१चं बँक ऑफ बडोदाचं, दुसरं १९८८चं एका कंपनीचं, तिचं नाव आता कुठे ऐकू येत नाही. काही मिळेल का?
*एक वाचक, बाबाजीपुरा*

उत्तर : बँकेचं सर्टिफिकीट फ्रेम करा. १९०८ साली संस्थानच्या कंपनी कायद्याखाली स्थापन झालेल्या त्या बँकेचं १९ जुलै १९६९ रोजी राष्ट्रीयीकरण झालं, धंदा नव्या सरकारी संस्थेकडे गेला आणि मोबदला जुन्या कंपनीला मिळाला. आज बाजारात ज्याचा भाव दिसतो तो शेअर बँकेनं १९९६ साली पुन्हा लोकांना विकला तेव्हाचा. तुमचा कागद त्याच्या आधीचा, त्या शेअरशी त्याचं नातं नाही.

दुसऱ्याचं काम होण्यासारखं आहे. सर्टिफिकिटावर जुना नोंदणी क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता असेल. मंत्रालयाच्या शोधात जुनं नाव टाका, नाव बदललेलं असेल तर नवं नाव मिळेल. दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर त्या कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे शेअर ट्रान्सफर एजंटला, फोलिओ क्रमांक कळवून पत्र घाला. सलग सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात. त्याच्या संकेतस्थळावर काकांच्या नावानं शोधता येतं, आणि परत मागायला आयईपीएफ-५ नावाचा फॉर्म आहे. आधी वारसाचे कागद तयार करा, मग फॉर्म भरा. उलट क्रमानं केलंत तर दोनदा भरावा लागेल.

'आम्ही काढून देतो, निम्मे आमचे' म्हणणारा कुणी भेटला तर मूळ सर्टिफिकीट त्याच्या हातात देऊ नका, झेरॉक्स दाखवा. आणि लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात आणि त्याच कुणाला तरी वाचायच्या असतात.